घरी दिलेला पेपर

मार्ला टोलेफसन आमच्या हॅगन गावच्या शाळेत चौदा वर्षं मुलांना बोलायला शिकवत होती, पण कागदोपत्री ती नुसती मदतनीस होती. मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे ते कागद माझ्याच हातून जायचे. परवानाधारक स्पीच थेरपिस्ट दीडशे मैलांवरून महिन्यातून एकदा यायची. ती प्रत्येक मुलाजवळ वीस मिनिटं बसायची, काय सराव घ्यायचा ते वहीत लिहायची आणि रस्त्यावर बर्फ साचायच्या आत परत निघायची. उरलेले सगळे दिवस मार्लाचे.

टिली नावाची सात वर्षांची मुलगी होती. ती 'क'च्या जागी 'त' म्हणायची आणि त्यावरून वर्गात तिची रोज नक्कल व्हायची. मार्ला तिच्यासमोर गुडघे टेकून बसायची, आइस्क्रीमच्या काडीनं तिच्या जिभेचं टोक हलकेच खाली दाबायची आणि म्हणायची, "आता घशातून काढ. खोकल्यासारखं." असं चार महिने चाललं. पाचव्या महिन्यात एकदा टिलीच्या तोंडून 'क' आला, आणि मार्ला माझ्या ऑफिसात येऊन काही न बोलता खुर्चीवर बसून राहिली. स्वभावच असा तिचा. आनंद झाला तरी गप्प, राग आला तरी गप्प.

२०२१च्या वसंतात ती थेरपिस्ट निवृत्त झाली. जागेची जाहिरात दिली, पण एकही अर्ज आला नाही. आमच्या भागात कोण येतंय? सगळ्यात जवळचा सिनेमा ऐंशी मैलांवर. आणि कायदा असा, की वर देखरेख करणारी परवानाधारक बाई नसेल तर मदतनिसानं मुलांचा सराव घ्यायचा नाही. आमचे मुख्याध्यापक लायल ब्रँट यांनी मार्लाला बोलावून सांगितलं, की पुढची सूचना येईपर्यंत ती जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवेल आणि ग्रंथालयात पुस्तकं लावेल. टिलीचा 'क' अजून कच्चा होता. तो एकेका शब्दात यायचा, वाक्यात पुन्हा 'त' व्हायचा.

मार्ला तेव्हा एक्केचाळीसची. पदवी तिनं एकोणचाळिसाव्या वर्षी बाहेरून पूर्ण केली होती. नवरा कर्ट रेल्वेच्या रुळांवर कामाला, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात सासू, आणि सासूच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. तिला सोडून शहरात राहून शिकणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं असं विद्यापीठ शोधलं जिथं हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण घरून करता येत होता. त्यांचं माहितीपत्रक तिनं मला आणून दाखवलं. मुखपृष्ठावर एक बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संगणक उघडून हसत बसलेली, आणि खाली लिहिलेलं, की तुम्ही आहात तिथे आम्ही येतो.

"हे माझ्यासाठीच छापलंय," मार्ला म्हणाली.

अर्जाबरोबर ती देशभर चालणारी प्रवेशपरीक्षा द्यावी लागत होती. थोडी भाषा, थोडं गणित, थोडं लेखन. मुलांच्या जिभेशी भूमितीचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण मार्लानं उन्हाळाभर गणिताचं पुस्तक संपवलं. परीक्षेचं केंद्र बिलिंग्जला, आमच्यापासून तीनशे मैल. नोव्हेंबरातली तारीख मिळाली. आदल्या दिवशी ती पहाटेच निघाली आणि वाटेतल्या विनेट गावाच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता बंद केला. वादळ आलं होतं. दुपारपर्यंत ती पेट्रोल पंपावर थांबली, मग गाडी वळवून परत आली. तारीख गेली. पुढची तारीख फेब्रुवारीतली, आणि अर्जाची मुदत जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत.

तेव्हा परीक्षेच्याच संकेतस्थळावर तिला दिसलं, की हाच पेपर घरूनही देता येतो. साथीच्या दिवसांत सुरू झालेली सोय. प्रश्न तेच, वेळ तीच, गुणपत्रिकाही तीच. फक्त कॅमेऱ्यातून एक पर्यवेक्षक सगळा वेळ तुमच्यावर नजर ठेवतो. विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर तिनं तपासलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं, की केंद्रावर दिलेले आणि घरून दिलेले, दोन्ही गुण ग्राह्य. तिनं ते पान छापून घेतलं. छापून घ्यायचं तिला तेव्हा का सुचलं, देव जाणे.

तिच्या घरी पेपर देणं अशक्य होतं. घर लांबट, पत्र्याचं, एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला जाणारं. सासूचं ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास घरघरत असायचं, आणि इंटरनेट वारा सुटला की जायचं. माझ्याकडे मात्र टेलिफोन सहकारी संस्थेनं दोन वर्षांपूर्वी इंटरनेटची चांगली तार टाकून दिली होती. मी म्हटलं, माझी शिवणाची खोली घे.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी आम्ही खोली रिकामी केली. कागद ठेवायचा नाही, पुस्तक नाही, पाण्याचा ग्लासही नाही. कच्च्या कामासाठी एक छोटा पांढरा फळा. कान उघडे हवेत म्हणून तिनं केस वर बांधले. पर्यवेक्षक आवाजावरून तरुण वाटत होता. त्यानं तिला संगणक हातात धरून सगळी खोली फिरवून दाखवायला सांगितली. छत, टेबलाखालची जमीन, दार. मग भिंतीवर माझ्या नवऱ्यानं मारलेल्या हरणाचं मुंडकं दिसलं आणि घोडं अडलं.

"तो प्राणी झाकता येईल का, मॅडम?" तो म्हणाला.

"तो मेलेलाय," मार्ला म्हणाली.

"हो, पण त्याचे डोळे काचेचे दिसतायत, मागे कॅमेरा असू शकतो. मला नियम पाळावा लागतो."

मी उशीचा अभ्रा आणला आणि खुर्चीवर चढून माझ्या स्वर्गवासी नवऱ्याच्या हरणाला घातला. मग मला बाहेर जायला सांगितलं. माझा कुत्रा भुंकला तर पेपर रद्द होईल म्हणून मी त्याला घेऊन बाहेर गाडीत जाऊन बसले. उणे वीस होतं. सगळा पेपर होईपर्यंत मी तिथं बसून होते, मधूनमधून इंजिन चालू करत, आणि कुणी आलं तर फाटकातच अडवायचं म्हणून रस्त्याकडे बघत.

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. भाषेचा भाग चालू असताना पर्यवेक्षकानं पेपर थांबवला. म्हणाला, तुमचे ओठ हलतायत, कुणाशी बोलताय का? मार्लाला तर पत्ताच नव्हता. चौदा वर्षं मुलांसमोर बसून प्रत्येक शब्द तोंडानं आकारून दाखवायची सवय. वाचताना तिचे ओठ हलतात हे मी रोज बघायचे. तो म्हणाला, पुन्हा हलले तर मला पेपर बंद करावा लागेल. मग तिनं खालचा ओठ दातात धरला आणि उरलेला सगळा पेपर तसाच दिला. बाहेर आली तेव्हा ओठाला दातांचे ठसे होते.

पण गुण चांगले पडले. भाषेत तर शंभरातल्या नव्वद जणांच्या पुढे. गणितात बरे. कर्टनं त्या रात्री सगळ्यांना स्टेक खिलवला. जानेवारीच्या सहा तारखेला अर्ज गेला. मी शिफारसपत्र लिहिलं, लायलनी लिहिलं, निवृत्त थेरपिस्टनं तर तीन पानी लिहिलं.

फेब्रुवारीत उत्तर आलं, की अर्ज अपूर्ण आहे. प्रवेशपरीक्षेचे गुण घरून दिलेल्या पेपरचे असल्यामुळे विभाग ते विचारात घेऊ शकत नाही.

मार्लाला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. तिनं विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात फोन केला. ग्रंथालयातलं काम थांबवून, माझ्याच टेबलावरून, म्हणून मी सगळं ऐकलं. तिथली बाई गोड बोलली. म्हणाली, आम्ही दोन्ही स्वीकारतो, आमच्या पानावर लिहिलंय, तुम्ही विभागाला विचारा. विभागात फोन लावला. तिथली कारकून म्हणाली, विद्यापीठ स्वीकारत असेल, पण विभागाची स्वतःची नियमपुस्तिका आहे. त्यात लिहिलंय, की घरच्या पेपरची सवलत साथीपुरती होती, ती गेल्या वर्षी संपली. मार्लानं विचारलं, ही पुस्तिका आहे कुठे? ती म्हणाली, प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्यांना देतात.

मार्लानं फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कानाला लावून शांतपणे विचारलं, "म्हणजे आत यायचा नियम आत आल्यावर वाचायला मिळतो?"

ती बाई माझ्यासारखीच कारकून. तिनं पुन्हा प्रवेश कार्यालयाकडे पाठवलं. प्रवेश कार्यालयानं पुन्हा विभागाकडे. सात दिवस ही टोलवाटोलवी चालली. मार्ला एका वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवत होती. ती वही मी पाहिलीय. एका पानावर तर एकच वाक्य चार वेगवेगळ्या नावांपुढे लिहिलेलं, की 'हे आमच्याकडे येत नाही.'

शेवटी तिनं विभागाच्या प्रवेश समितीचे प्रमुख डॉ. प्रुइट यांना पत्र पाठवलं, सोबत छापून ठेवलेलं ते पान जोडलं. त्यांनी स्वतः फोन केला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मी उठून बाहेर जायला लागले तर मार्लानं हातानं थांबवलं आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

ते वाईट माणूस नव्हते. पानावरचा मजकूर जुना राहिला, याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. सांगितलं, की मागे एका वर्षी उत्तम गुण घेऊन आलेल्या दोघांना पहिल्याच सत्रात साधा उतारा वाचून समजत नव्हता. पेपर दुसऱ्याच कुणी दिला असावा, पण सिद्ध काही झालं नाही. तेव्हापासून समितीनं ठरवलं, की केंद्रावरचाच पेपर घ्यायचा.

"त्या दोघांचं मला काय?" मार्ला म्हणाली.

"तुमच्यावर कुणी आरोप करत नाहीये, मिसेस टोलेफसन."

"तुमचा अख्खा अभ्यासक्रम घरूनच ना? वर्ग घरून, सत्राच्या परीक्षा घरून."

"हो."

"मग त्या परीक्षा मी दुसऱ्या कुणाला द्यायला बसवल्या तर?"

"तोवर आम्ही तुम्हाला ओळखायला लागलेले असतो. प्राध्यापक तुम्हाला रोज बघत असतात."

"मग आत्ता ओळखा. मी इथंच आहे. काय विचारायचं ते विचारा, गणित घाला, उतारा वाचायला द्या. कॅमेरा लावते."

मग डॉ. प्रुइट म्हणाले, "तशी पद्धत नाही." "मला वाईट वाटतं" असंही म्हणाले. तुम्ही केंद्रावर पेपर देऊन गुण पाठवलेत तर मी तुमचा अर्ज समितीपुढे ठेवीन, एवढा शब्द त्यांनी दिला.

फोन ठेवल्यावर मी काहीबाही बोलले. मी तापट आहे. त्या समितीला इथं आणून बर्फात उभं करायला हवं, असं काहीतरी. मार्ला म्हणाली, "वँडा, मला चिडायला वेळ नाही. तारीख शोधू दे."

मार्चच्या अठराव्या तारखेची जागा मिळाली. कर्टनं सुट्टी काढली, सासूजवळ थांबला. मी तिच्याबरोबर गेले. एकटी गेली आणि पुन्हा रस्ता बंद झाला तर, म्हणून. या वेळी रस्ता मोकळा होता. बिलिंग्जला पोचलो, मोटेलात राहिलो. केंद्र एका बाजारपेठेच्या मागच्या बाजूला, दातांच्या दवाखान्याशेजारी. तिचे खिसे उलटे करून बघितले, बाह्या वर करायला लावल्या, चष्मा काढून काडीच्या आतली बाजू बघितली. शेजारच्या दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र सगळा वेळ ऐकू येत होतं, असं ती म्हणाली. पण ओठ मात्र हवे तसे हलवता आले, कुणी विचारलं नाही.

भाषेत दोन गुण कमी पडले, गणितात एक जास्त. म्हणजे तीच मार्ला, तेच डोकं. मी म्हटलं, आता तरी त्यांना कळेल, पहिला पेपर तुझाच होता. ती म्हणाली, ते कुणी बघणार नाही. आणि खरंच कुणी बघितलं नाही. नवे गुण पोचेपर्यंत जागा भरल्या होत्या. डॉ. प्रुइटनी शब्द पाळला, अर्ज समितीपुढे गेला आणि प्रतीक्षायादीत तिसरा लागला. यादी पहिल्या नावापर्यंतच सरकली. जूनमध्ये दोन ओळींचं पत्र आलं.

त्या उन्हाळ्यात टिलीचे आईवडील दुसऱ्या गावी गेले. बापाला तिकडं काम मिळालं. शाळा सोडल्याचा दाखला मीच टाइप केला. तो घ्यायला टिली आईबरोबर आली होती. मार्ला ग्रंथालयातून धावत बाहेर आली, तिच्यासमोर खाली बसली आणि नव्या घराबद्दल विचारलं. टिली म्हणाली, तिला तिथं स्वतःची खोली आहे आणि एक मांजर पाळणार आहेत. मांजराचं नाव तिनं सांगितलं. नावात 'क' होता आणि तो 'त' होऊन आला. मार्लानं काही दुरुस्त केलं नाही. करायची तिला परवानगी नव्हती. नाव छान आहे म्हणाली, उठली आणि आत गेली. मागून मी गेले तर पुस्तकांच्या मांडणीला डोकं टेकून उभी होती. चौदा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही आवाज न करता.

ऑगस्टमध्ये त्या विद्यापीठाकडून सर्व जुन्या अर्जदारांना एक संदेश आला. समितीनं बराच विचार करून ठरवलं होतं, की पुढच्या वर्षापासून प्रवेशपरीक्षाच लागणार नाही. घरची नाही, केंद्रावरची नाही, कुठलीच नाही. परीक्षेतल्या गुणांवरून चांगला थेरपिस्ट ओळखता येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. नव्यानं अर्ज करावा, स्वागत आहे.

मार्लानं तो संदेश माझ्या संगणकावर वाचला. मला वाटलं आता तरी ही काहीतरी फोडेल. ती इतकंच म्हणाली, "म्हणजे मी दोनदा पास झाले अशा परीक्षेत, जिचा उपयोग नव्हता."

"अर्ज करशील ना पण?" मी विचारलं.

"यांच्याकडे? नाही."

मी समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, तुला पदवीशी काम आहे, त्यांच्याशी नाही. ती ऐकेना. म्हणाली, "माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. उद्या त्यांच्या हाताखाली शिकताना मला दर वेळी वाटेल, की मी पुन्हा खोली फिरवून दाखवतेय."

हट्टी आहे, दुसरं काय. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात असाच घरून करायचा अभ्यासक्रम होता. जानेवारीत तिनं तिथं अर्ज केला. त्यांना परीक्षेचे गुण हवे होते. तिनं मुद्दाम डिसेंबरातले, माझ्या शिवणाच्या खोलीतले गुण पाठवले, बिलिंग्जचे नाहीत. मी म्हटलं, अगं, आता कशाला विषाची परीक्षा? दोन्ही आहेत तर केंद्रावरचे पाठव. ती म्हणाली, "मला बघायचंय." त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. वाचून तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीतल्या पाळीवर गेली.

आता ती त्रेचाळीसची आहे आणि दुसऱ्या सत्रात आहे. परवाना मिळायला अजून अडीच वर्षं. तोवर आमच्या शाळेत थेरपिस्ट नाहीच. सध्या सात मुलं यादीत आहेत. एकाला तर वाक्य सुरू करायलाच मिनिट लागतं. मार्ला त्याच्या टेबलाशी जेवणाचे ट्रे उचलायच्या निमित्तानं जास्त वेळ थांबते आणि त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणाला मध्ये बोलू देत नाही. एवढं करायला परवाना लागत नाही.

मागच्या महिन्यात लायलनी तिच्याबद्दल तालुक्याच्या पेपरात काहीतरी छापून आणायचं ठरवलं. वार्ताहर मुलगी आली. मार्लानं तिला तारखांसकट सगळं सांगितलं, वही दाखवली आणि शेवटी म्हणाली, "जिद्द-बिद्द लिहू नका. दीड वर्ष वाया गेलं आणि त्यात सात मुलांचं गेलं, तेवढं लिहा."

छापून आलं तेव्हा मथळा होता 'जिद्दीपुढे अंतर हरलं'. विद्यापीठाचं नाव नाही, नियमपुस्तिका नाही, टिली नाही. फोटोत मार्ला टेबलाशी संगणक उघडून बसलेली. वार्ताहरानं तिला हसायला सांगितलं होतं म्हणे, पण ती हसलेली नाही.

लायलनी तो कागद ऑफिसच्या फलकावर लावायला मला दिला. अजून माझ्या खणात आहे. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, टाचण्या संपल्यात.